बालकांचा शरद ऋतु

(नभोवाणीवरील भाषण)

पावसाळा संपत आला म्हणजे मुंबईच्या उपनगरांतील अनेक बालवर्गांच्या भिंतींवर एक ठराविक चित्र दिसूं लागतें. चित्रांत एक मोठें झाड असतें. त्याचीं पानें तांबडीं, नारिंगी आणि पिंवळीं झालेलीं असतात. खालीं गळलेल्या पानांचा ढीग, त्याच्या शेजारीं एक अवाढव्य भोपळा, आणि लोकरीची टोपी घातलेलें एक गुबगुबीत मूल. चित्राखालीं ऋतूचें इंग्रजी नांव लिहिलेलें असतें. दोन-अडीच वर्षांचीं बालकें तें नांव बाईंच्या मागोमाग म्हणतात, घरीं येऊन आईबापांना म्हणून दाखवितात, आणि बाळ ऋतु शिकलें म्हणून सारें घर आनंदतें. त्याच वेळीं वर्गाच्या खिडकीबाहेर, अंधेरीला किंवा घाटकोपरला, काय चाललेलें असतें? पावसानें धुतलेलीं झाडें हिरवीगार उभीं असतात, ऊन चटके देत असतें, आणि चित्रांतलें तें टोपीवालें मूल या रस्त्यावर क्षणभर येऊन उभें राहिलें तर घामानें निथळेल. मुलाला शिकविलेला ऋतु एक, आणि मुलाच्या अंगाला लागणारा ऋतु दुसराच!

ही विसंगति पुष्कळांना किरकोळ वाटेल. मोठेपणीं मुलाला जगांतले सगळेच ऋतु समजून घ्यावयाचे आहेत. मग आजच एखादा परदेशी ऋतु कळला तर बिघडलें कोठें, असें कोणीहि विचारील. दहा वर्षांच्या मुलापुरतें हें म्हणणें बरोबर आहे. त्यानें स्वतःच्या ऋतूंचे अनेक फेरे पाहिलेले असतात, आणि त्या पायावर परक्या ऋतूची कल्पना त्याला उभारतां येते. दोन वर्षांच्या मुलाजवळ तो पायाच नसतो. ज्यानें चिंच चाखली त्याला ‘आंबट’ हा शब्द एकदां सांगितला तरी पुरतो. ज्यानें ती चाखली नाहीं त्याला तो शंभरदां सांगितला तरी त्याच्या लेखीं तो केवळ एक आवाज असतो. वस्तूशिवाय शब्द म्हणण्याची संवय या वयांत लागली म्हणजे पुढें शब्द म्हणून दाखविला कीं विषय समजला, असें मुलाला आणि त्याच्या शिक्षकालाहि वाटूं लागतें. ही संवय पुढें मोडतां मोडत नाहीं. म्हणून दुडदुडणाऱ्या वयाच्या मुलाला ऋतु शिकवावयाचा तर तो त्याच्या खिडकीबाहेरचा असावा, आणि त्याची पहिली ओळख हात, नाक, कान, जीभ व डोळे यांनीं करून द्यावी. नांव मागाहून सांगितलें तरी चालतें.

तेव्हां उपनगरांतला शरद ऋतु असतो तरी कसा, हें मोठ्यांनींच आधीं नीट पाहिलें पाहिजे. आश्विन आणि कार्तिक हे शरदाचे दोन महिने. मुंबईंतून मोसमी पाऊस माघार घेण्याची सर्वसाधारण तारीख हवामान खात्यानें २०२० सालीं ८ ऑक्टोबर अशी ठरविली. पाऊस ओसरतो, ढगांचें छत्र उडतें, आणि सांताक्रूझच्या वेधशाळेंत जुलै-ऑगस्टमध्यें सरासरीनें ३० अंशांच्या आसपास असणारें दिवसाचें कमाल तपमान ऑक्टोबरांत ३३ अंशांच्या वर चढतें. आपल्याकडे शरद ऋतु प्रथम ऊन घेऊन येतो. पहांटेचा गारवा मागाहून, हळूहळू येतो. कालिदासानें ‘ऋतुसंहारां’त शरदाला नववधूची उपमा देऊन तिला काशाच्या फुलांचें वस्त्र नेसविलें. रेल्वेच्या रुळांकडेला ओलसर जागीं तें पांढरें कांसाचें गवत कोठें कोठें अजून डुलतांना दिसतें. उन्हांत चतुरांचे थवे तरंगतात. पहांटे पारिजातकाचा सडा पडतो; संध्याकाळीं सातविणीचा उग्र वास साऱ्या गल्लींत भरून राहतो. पानगळ आपल्याकडे येते ती शिशिरांत. पांगारा, सांवर हीं झाडें तेव्हां उघडीं पडतात. इमारतींच्या आवारांत आढळणारा देशी बदामहि बहुधा त्याच सुमारास तांबडा होऊन पानें टाकतो. चित्रांतलीं तांबडीं पानें आपल्याकडे आहेत, परंतु तीं पौष-माघांत आहेत.

हात हा बालकाचा पहिला गुरु होय, हा विचार शिक्षणशास्त्रांत जुनाच आहे. डॉ. मारिया मॉन्टेसरी यांनीं १९०७ सालीं रोम शहरांतील गरीब वस्तींत पहिलें बालगृह उघडलें, आणि खरखरीत व गुळगुळीत, जड व हलकें, उष्ण व थंड हे भेद मुलांच्या हातांनाच शोधूं दिले. १९३९ सालीं त्या मद्रासेस आल्या आणि महायुद्धामुळें १९४६ पर्यंत या देशांत राहिल्या. त्यांच्या येण्यापूर्वींच, १९२० सालीं, गिजुभाई बधेका यांनीं भावनगरास बालमंदिर काढलें होतें, आणि त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक यांनीं १९३६ सालीं दादरला शिशुविहार सुरू केला होता. ताराबाईंची खरी कसोटी लागली ती पुढें बोर्डीस. १९४५ सालीं त्या समुद्रकांठच्या त्या गांवीं गेल्या आणि अनुताई वाघ यांच्यासह त्यांनीं ग्राम बाल शिक्षा केंद्र स्थापिलें. परदेशी नमुन्याचीं किंमती साधनें खेड्याला परवडणारीं नव्हतीं. तेव्हां शिंपले, गोटे, बिया, पानें, फुलें, काड्या आणि माती हींच शाळेचीं साधनें झालीं. मुलें शाळेंत येईनात, तेव्हां शाळाच त्यांच्या अंगणांत गेली. अंगणवाडीची कल्पना तेथें वाढीस लागली. पुढें कोसबाडच्या टेकडीवर गुरें राखणाऱ्या मुलांसाठीं कुरणशाळाहि निघाली.

बोर्डी आज पालघर जिल्ह्यांत मोडते. बोरिवलीवरून जाणाऱ्या पश्चिम रेल्वेच्याच मार्गावर घोलवड स्थानक आहे, आणि तेथून हें गांव जवळ आहे. जें बोर्डीच्या अंगणांत सत्तर-ऐशीं वर्षांपूर्वीं साधलें, तें मुलुंडच्या पांचव्या मजल्यावर साधूं नये असें कांहीं नाहीं. त्यासाठीं खेळण्यांच्या दुकानांत जाण्याचीहि गरज नाहीं. घरांतलें पंचांग उघडलें म्हणजे पुरे. शरदांतले सण एका मागोमाग एक येतात आणि प्रत्येक सण घरांत कांहीं ना कांहीं ऋतूचें सामान घेऊन येतो. मोठ्यांची पूजाअर्चा चालू असते. तेंच सामान मूल हाताळूं पाहतें आणि ‘हात लावूं नकोस’ असें ऐकून घेतें. या हात लावण्यालाच थोडी जागा करून द्यावयाची आहे.

प्रारंभ घटस्थापनेपासून करावा. अनेक घरांत या दिवशीं परडींत माती पसरून तींत धान्य पेरतात. देवाचा घट देवापाशीं राहूं द्यावा. मुलासाठीं दुसरी एक पसरट बशी मांडावी, आणि ज्या घरीं घट बसत नाहीं तेथेंहि ती मांडण्यास हरकत नाहीं. मुलाला प्रथम कोरडी माती द्यावी. ती बोटांतून गळते, हें त्याला समजूं द्यावें. मग त्याच्याच हातून चुळकाभर पाणी शिंपडवावें. आतां तीच माती बोटांना चिकटून बसते, तिचा रंग गडद होतो, आणि तिला वास येतो. एवढा एकच फरक दोन वर्षांच्या मुलाला अर्धा तास पुरतो! त्यानंतर मूठभर गहूं त्याच्याच हातानें पसरावे. तिसऱ्या-चौथ्या दिवशीं पांढुरके कोंब दिसूं लागतात, आणि नवव्या दिवसापर्यंत तळहाताला गुदगुल्या करणारें दाट गवत उगवतें. रोज सकाळीं मुलानें त्यावरून एकदां तळहात फिरवावा. ‘वाढणें’ म्हणजे काय, हें त्याला कोणी सांगावें लागत नाहीं. काल जें तळहाताखालीं टोंचत होतें तें आज मनगटाला लागतें, एवढें त्याला कळतें.

याच दिवसांत भोंडल्याचा फेर धरला जातो. पाटावर हत्ती काढतात, मुली भोवतीं फिरतात, आणि शेवटीं खिरापत ओळखण्याचा कार्यक्रम होतो. झांकलेला डबा कानाशीं हालवून आंत काय आहे तें सांगावयाचें! मॉन्टेसरींच्या पद्धतींत अशीच एक पिशवी असते. मूल न पाहतां आंत हात घालतें आणि केवळ स्पर्शानें वस्तु ओळखतें. महाराष्ट्रांतल्या आज्यांनीं कानासाठीं तोच खेळ फार पूर्वींपासून ठेवलेला आहे. तो लहानग्यांसाठीं सोपा करतां येतो. तीन सारखे डबे घ्यावे. एकांत तांदूळ, एकांत अक्रोड, एकांत कापूस घालावा, आणि झांकणें घट्ट लावावीं. मूल डबे हालवितें, थांबतें, पुन्हां हालवितें. कापसाचा डबा मुका का, हें कोडें त्याला फार आवडतें. मग झांकण उघडून दाखवावें. आवारांत गुलमोहर असेल तर त्याची वाळलेली लांब शेंग हाहि एक आयता खुळखुळा होय.

दसऱ्याला दोन वस्तु घरांत येतात, आपटा आणि झेंडू. मुंबईच्या बाजारांत आपटा म्हणून पुष्कळदां कांचनाचीं पानें विकलीं जातात. दोहोंचीहि पानें जोडपानासारखीं दुभंगलेलीं असल्यामुळें मोठीं माणसें फसतात. हात मात्र फसत नाहीं. आपट्याचें पान लहान, जाड व चिवट असतें, आणि खालच्या बाजूनें किंचित् लवदार लागतें. कांचनाचें पान मोठें, पातळ व मऊ असतें. दोन्ही पानें मुलाच्या दोन हातांत द्यावीं आणि तिसरें, पारिजातकाचें, पान त्यांत मिसळावें. तें तर कानशीसारखें खरखरीत. त्याच पारिजातकाचें फूल इतकें नाजूक कीं चिमटींत धरलें तर काळवंडतें, आणि त्याचा नारिंगी देंठ पांढऱ्या कागदावर घांसला तर पिंवळी रेघ उठते. एकाच झाडाचें पान असें आणि फूल तसें, हें ज्या मुलाच्या हातानें पाहिलें त्याला ‘खरखरीत’ आणि ‘नाजूक’ हे शब्द पुन्हां शिकवावे लागणार नाहींत. मुलासाठीं प्रत्येकाचें एक पान पुरतें. सोनें लुटण्याच्या नांवाखालीं फांद्याच्या फांद्या ओरबाडतात, तें पाहून मूल ओरबाडणेंच शिकतें. गळलेलें पान उचलावें, किंवा एकच पान हलक्या हातानें तोडून झाडाला हात लावून यावें.

झेंडूचा हार दुसऱ्या दिवशीं निर्माल्यांत टाकतात. त्यांतलीं चार फुलें बाजूला ठेवून खिडकींत वाळूं द्यावीं. आठवड्यानें तीं कुरकुरीत झालीं म्हणजे मुलाला चुरूं द्यावीं. आंतून काळ्या, बारीक, टोंकाला पांढरा तुरा असलेल्या बिया निघतात. कुंडींत त्या पसरून वर चिमूटभर माती टाकली तर बहुधा आठवड्याभरांत रोपें दिसूं लागतात. दाराच्या तोरणांत भाताच्या लोंब्या ओवलेल्या असतील तर त्यांतली एक मुलाला द्यावी, आणि एक दाणा दोन तळहातांत चोळून दाखवावा. तूस उडतें आणि आंतून तांदूळ निघतो. रोज ताटांत येणारा भात कोठून येतो, या प्रश्नाचें उत्तर उपनगरांतल्या मुलाला इतक्या जवळून क्वचितच मिळतें.

कोजागिरीला मुलाला गच्चीवर न्यावें. तें मध्यरात्रीपर्यंत जागावें असें नाहीं. चंद्र इमारतींच्या वर आला कीं पांच-दहा मिनिटें पुरेत. गच्चीवरचा दिवा मालवावा, मोबाईल खालींच ठेवावा. चांदण्यांत स्वतःची सावली पाहून मूल दचकतें, मग तिच्यावर पाय देऊं पाहतें. दुपारीं भाजणारी फरशी आतां पायाला गार लागते. हातांत कोमट दुधाची वाटी, दुधाला वेलदोड्याचा वास, गालाला वारा आणि पायाखालीं गारवा, इतक्या जाणिवा एकत्र आल्या म्हणजे बोलण्याची आवश्यकताच राहत नाहीं. मोठ्यांनीं या वेळीं गप्प राहण्याइतकें दुसरें कांहींहि करूं नये.

दिवाळींत मातीचे किल्ले होतात. आवारांतलीं मोठीं मुलें किल्ला बांधीत असतात आणि लहानगें जवळ गेलें कीं बुरूज पाडील म्हणून त्याला हांकलतात. त्यांना सांगून लहानग्यासाठीं वीतभर जागा राखून ठेवावी. तेथें त्यानें चिखल थापावा, मोडावा, पुन्हां थापावा. त्याच्या ढिगाऱ्यावर अळीव किंवा मोहरी पेरली कीं चार दिवसांत त्याचाहि किल्ला हिरवा होतो. अभ्यंगस्नानाच्या वेळीं उटणें त्याच्या तळहातावर कोरडें ठेवावें, मग त्यांत तेल मिसळूं द्यावें. खसखशीत पुडीचा ओलसर गोळा कसा होतो, तें त्यानें स्वतः करून पाहावें. फटाक्यांच्या बाबतींत मात्र उलट बाजूनेंच काळजी घ्यावी लागते. बालकाच्या कानाला जो आवाज असह्य होतो त्यापासून तें कांहीं शिकत नाहीं. तें केवळ भितें, आणि कानाला इजा होण्याचा संभव असतो.

तुळशीच्या लग्नाला ऊस, चिंच आणि आवळे येतात. आवळ्याइतका उत्तम धडा जिभेला दुसरें फळ देत नाहीं. पातळ चकतीचा एक लहानसा तुकडा आजीनें नातवाला आपल्या हातानें द्यावा. मूल तोंड वेडेंवाकडें करतें, अंग शहारतें. लगेच त्याला दोन घोट पाणी द्यावें. पाणी गोड लागतें! मूल भांड्यांत वाकून पाहतें, पुन्हां पितें, आणि आजीकडे बघतें. “काय रे बाळा, साखर घातली का कुणी?” एवढेंच आजीनें विचारावें. उत्तर देण्याची घाई तिनें करूं नये.

आतां हीं कामें करवून घेण्याची रीत. सामान सगळ्यांना मिळतें. फरक पडतो तो मोठ्यांच्या वागणुकीनें. पहिला नियम असा कीं एका वेळीं एकच वस्तु द्यावी. दहा पानें, पांच फुलें आणि चार बिया एकदम पुढें टाकल्या तर मूल कशाकडेच पाहत नाहीं. दुसरा नियम, हात आधीं आणि शब्द मागाहून. मुलानें पान चाचपून, उलटून, कुरतडण्याच्या बेतापर्यंत पाहिलें म्हणजे मग शांतपणें ‘खरखरीत’ एवढाच एक शब्द उच्चारावा. एदुआर सेगँ या फ्रेंच वैद्यानें शब्द शिकविण्याच्या तीन पायऱ्या सांगितल्या, आणि मॉन्टेसरींनीं त्या उचलल्या. पहिल्या पायरीवर नुसतें नांव सांगावें, ‘हें खरखरीत, हें मऊ.’ दुसऱ्या पायरीवर मागावें, ‘मला खरखरीत दे.’ तिसऱ्या पायरीवर विचारावें, ‘हें कसें आहे?’ बहुतेक घरांतून आरंभच तिसऱ्या पायरीपासून होतो. ‘हें काय? रंग कोणता? किती आहेत?’ असा प्रश्नांचा भडिमार होतो आणि मूल पान टाकून पळून जातें. दोन वर्षांच्या मुलाबरोबर पहिल्या दोन पायऱ्यांवर कितीहि दिवस थांबलें तरी कांहीं तोटा नाहीं. चुकीचें पान दिलें तर ‘चूक’ म्हणूं नये. घ्यावें, हंसावें आणि दुसऱ्या दिवशीं पुन्हां पहिल्या पायरीवर यावें.

तिसरा नियम, पुनरावृत्तीला कंटाळूं नये. मूल माती वाटींत भरतें, ओततें, पुन्हां भरतें. मोठ्यांना हा वेळेचा अपव्यय वाटतो, परंतु मुलाच्या मनगटाचा आणि नजरेचा तोच अभ्यास असतो. पुढें पेन्सिल धरावयाची ती याच मनगटानें. पेन्सिल आधीं हातांत देऊन अक्षरें गिरवावयास लावणारे वर्ग आज पुष्कळ निघाले आहेत, आणि आईबापांना त्यांत प्रगति दिसते. माती चाळणारा हात अक्षरासाठीं तयार होत असतो, ही प्रगति वहींत दिसत नाहीं म्हणून ती नाहीं असें नव्हे. चौथा नियम, सक्ति नको. कांहीं मुलांना चिखलाचा किंवा चिकट वस्तूचा स्पर्श सहन होत नाहीं. त्यांचा हात धरून चिखलांत घालूं नये. एखादी काडी किंवा चमचा द्यावा. काडीनें चिखल ढवळणारें मूल बहुधा कांहीं दिवसांनीं एक बोट बुडवून पाहतें.

सावधगिरीच्या कांहीं गोष्टी मात्र कटाक्षानें पाळल्या पाहिजेत. या वयाचें मूल प्रत्येक वस्तु तोंडांत घालतें. म्हणून हरभरे, शेंगदाणे, सीताफळाच्या बिया असे लहान व टणक पदार्थ त्याच्या हातीं एकट्यानें देऊं नयेत. ते श्वासनलिकेंत अडकतात. खुळखुळ्याचे डबेहि मोठ्यांच्या देखत हालवावे. पिंवळी कण्हेर, धोत्रा आणि गुंजेच्या बिया विषारी आहेत. गुंज दिसावयास सुंदर म्हणून अधिकच घातक. खाजकुइलीच्या शेंगा व केसाळ सुरवंट यांना हात लागूं देऊं नये. बाजारच्या झेंडूवर औषध मारलेलें असण्याचा संभव असतो. तो हातांत द्यावा, तोंडांत जाऊं देऊं नये. माती स्वच्छ, कांच-खिळे नसलेली घ्यावी, आणि खेळ संपला कीं साबणानें हात धुवावेत. बशींत किंवा कुंडीखालीं पाणी सांचूं देऊं नये, कारण पावसाळा सरतांना डेंग्यूचे डांस अशाच पाण्यांत वाढतात. आणि हें सर्व सकाळीं किंवा ऊन उतरल्यावर करावें. ऑक्टोबरच्या दुपारीं मुलाला सांवलींत झोंपूं द्यावें हेंच शहाणपणाचें.

घरांत जागा नाहीं, वेळ नाहीं, ही तक्रार खोटी नाहीं. अंधेरीहून किंवा मुलुंडहून नोकरीवर जाणारीं आईबापें लोकलच्या गर्दींतून रात्रीं परततात तेव्हां मूल झोंपेला आलेलें असतें. त्यांच्यापुढें रोजचा पाठ्यक्रम ठेवणें निर्दयपणाचें होईल. आठवड्याला एक वस्तु आणि तिच्यासाठीं रविवारचा पाऊण तास, एवढ्यावर सारा शरद ऋतु भागतो. घरीं आजीआजोबा असतील तर पारिजातकाचीं फुलें वेंचण्याची सकाळ त्यांच्या वांट्याला द्यावी. वांकणें त्यांना कठीण जातें आणि नातवंडाला वांकण्याचीच हौस असते. दोघांचें चांगलें जमतें.

एखाद्या सकाळीं बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानांत मुलाला न्यावें. मुंबईच्या मध्यावर सुमारें १०० चौरस किलोमीटरांहून अधिक पसरलेलें हें रान, ज्याची पूर्वेकडील कड मुलुंडला टेंकते, या दिवसांत फार देखणें असतें. वाटेकडेला कोळ्यांचीं मोठालीं जाळीं उन्हांत चमकतात, फुलपांखरें चिखलावर बसतात. येथें मात्र पाहावें, ऐकावें, हुंगावें. पान-फूल तोडूं नये व घरींहि आणूं नये, कारण हें संरक्षित रान आहे. ‘हें त्यांचें घर,’ एवढें एक वाक्य मुलाला पुरतें. याच रानांत आठ वर्षांनीं एकदां कारवी फुलते. २०१६ सालीं ती फुलली, त्यानंतर २०२४ सालीं फुलली. २०२४ सालीं जन्मलेलें मूल पुढच्या बहराच्या वेळीं आठ वर्षांचें असेल. तेव्हां तें प्रश्न विचारील, आणि ते प्रश्न कोणते असतील हें बऱ्याच अंशीं आज त्याच्या हातीं काय पडतें यावरून ठरेल.

कार्तिक संपतांना घरांत एका डब्यांत कांहीं झेंडूच्या बिया, एक भाताची लोंबी, एक वाळलेलें आपट्याचें पान आणि गुलमोहराची एक शेंग जमलेली असेल. डबा उंच फळीवर ठेवावा आणि मूल मागेल तेव्हां काढून त्याच्यासमोर उघडावा. पुढें पौष-माघांत आवारांतला बदाम तांबडा होईल आणि सकाळीं फाटकापाशीं पानांचा खच पडेल. मूल त्यांतून पाय ओढीत चालेल. पानें चुरचुर वाजतील. तें एक मोठें पान डोक्यावर टोपीसारखें धरील. त्या दिवशीं त्याला ‘पानगळ’ हा शब्द सांगावा, आणि बालवर्गाच्या भिंतीवरचें तें चित्रहि पुन्हां दाखवावें. तेव्हां तें चित्र त्याला कळेल.